सोमवारची गोळी

मी मंगळसूत्रं गाठवते. गिरगावात एका सराफाच्या दुकानाच्या पायरीशी माझी हातभर रुंद गादी आहे, पितळेचं ताट आहे, आणि पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बसायची बावीस वर्षांची सवय आहे. लोक विचारतात, अजून कोण गाठवून घेतं का हो? घेतात की. साखळ्या कितीही आल्या तरी काळे मणी ओवायला कोणीतरी माणूस लागतंच. मशीन सगळं करतं म्हणतात, पण वाटीच्या मागच्या मण्याच्या पोटात लपणारी गाठ अजून तरी त्याला जमलेली मी पाहिली नाही. जमेल तेव्हा बघू.

हे काम मला सासूबाईंनी शिकवलं. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा याच पायरीवर बसून त्यांनी घर ओढलं होतं. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा मला साधं शर्टाचं बटण धड लावता येत नव्हतं. सासूबाईंची शिकवायची रीत एकच. मी गाठ मारायची, त्यांनी पोत दोन्ही हातांत धरून जीव खाऊन ओढायची. सुटली की सगळे मणी ताटात आणि पहिल्यापासून सुरुवात. मी रडायचे. त्या म्हणायच्या, कोणाच्या गळ्यात भर रस्त्यात सुटण्यापेक्षा माझ्या हातात सुटलेली बरी. आता त्या शहात्तरच्या आहेत, नजर अधू झाल्यावर पायरी सोडली, पण जीभ आणि मनगट दोन्ही शाबूत आहेत.

माझ्या हातांचं दुखणं श्रावणात आलं आणि चोरपावलांनी आलं. सकाळी मी उठायचे पण बोटं उठायची नाहीत. झटकली की मुंग्या. म्हटलं वय झालं, सत्तेचाळीस म्हणजे काही कोवळं नाही. मग आडोळीवर नारळ खवताना करवंटी निसटायला लागली. बांगडे साफ करायला बसले की बांगडा माझ्यापेक्षा हुशार निघायचा, मेलेला असूनसुद्धा सुळकन मोरीत. ब्लाऊजचे हुक लावता लावता बस निघून जायची. कपडे पिळून वाळत घातले तरी टपटप गळत राहायचे, आणि खालच्या मजल्यावरची बाई वर बघून जे बोलायची ते इथे लिहीत नाही. मीही खाली बघून जे बोलायचे तेही लिहीत नाही.

ज्याने त्याने आपापलं औषध सांगितलं. शेजारणीने वात ठरवला आणि तेल आणून दिलं. नवऱ्याने सांगितलं, मोबाइल कमी बघ. वडाळ्याच्या गोदामात दिवसभर काम करून आलेला माणूस, म्हणून सोडून दिला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, त्याने सगळ्या मजल्याला ठसका लागला. माझं चालणं संथ झालं होतं, आवाज घोगरा झाला होता, ऑक्टोबरच्या उकाड्यातही मला पंखा नको वाटायचा. पण ही सगळी एकाच झाडाची फळं आहेत, हे कोणाच्या डोक्यात येणार?

एका दुपारी मी पायरीवर मणी ओवत होते. समोर बसलेली बाई म्हणाली, अहो, रक्त. ताटाखालच्या पांढऱ्या फडक्यावर थेंब पडले होते. सुई बोटात घुसली होती आणि मला पत्ता नव्हता. सुई टोचली आणि दुखलं नाही, याची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नव्हती. गाठवणारीचे डोळे अर्धे आणि बोटं पूर्ण, असं सासूबाई म्हणतात. मण्याचं भोक आम्ही बघत नाही, ते बोटाला कळतं. बोटालाच कळेनासं झालं तर मी त्या पायरीवर कोण?

परळच्या मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. मी हात पुढे केले, तर त्या बघत बसल्या माझ्या भुवया. बाहेरच्या बाजूने विरळ झाल्या होत्या, मी पेन्सिलीने ओढत होते, तेही त्यांनी ओळखलं. मग गळा चाचपला, रक्त काढायला पाठवलं. पुढच्या खेपेला कागद बघून म्हणाल्या, थायरॉइड मंदावलाय. मी म्हटलं, बाई, दुखणं हातात आणि तुम्ही गळ्यात काय शोधताय? त्या हसल्या. गळ्यातली ही ग्रंथी सुस्त झाली की सगळं अंग सुस्तावतं, म्हणाल्या, मनगटात सूज धरते आणि बोटांकडे जाणारी शीर तिथेच चेपली जाते. गोळी नेमाने घ्या, बोटं परत येतील. परत येतील, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी तिथल्या तिथे डोळे पुसले.

गोळी सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही. मला गोळीचं काही नाही, तो अर्धा तास मात्र सासुरवासासारखा वाटायचा. शंभर गोळ्यांची बाटली यायची, इवल्या इवल्या पांढऱ्या गोळ्या. गंमत अशी की त्या बाटलीचं झाकण मला उघडत नव्हतं. हाताच्या औषधाला हाताचाच अडसर. नवरा पहाटे कामावर जाताना झाकण सैल करून जायचा.

होळीला गोळी सुरू झाली. महिन्याभरात आवाज जरा खुलला, अंग हलकं वाटलं, मी सराफांना पेढे दिले. मग पुढे सरकेचना. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मात्रा वाढवली. आणखी तीन महिन्यांनी पुन्हा वाढवली. दर वेळी विचारायच्या, रोज घेता ना? मी दर वेळी छातीठोकपणे सांगायचे, हो.

आणि मी खोटं बोलत नव्हते हो. आमच्याकडे रोज मासे असतात, असं मी कोणालाही सांगेन. म्हणजे वार सोडून. सोमवारी, संकष्टीला, एकादशीला मासे नसतात हे काय सांगायला लागतं? तसंच गोळीचं. माझे उपास कडक. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गोळी म्हणजे पोटात काहीतरी गेलंच ना? आणि दुपारी पूजा झाल्यावर घ्यावी, तर ती सकाळचीच आहे म्हणून सांगितलेलं. म्हणून उपासाच्या दिवशी गोळी नाही. एवढं साधं होतं ते माझ्या डोक्यात, इतकं साधं की कोणाला विचारावंसंही वाटलं नाही.

त्यातला सोमवार तर माझ्या लग्नाइतकाच जुना. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याला कावीळ झाली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. तेव्हा सासूबाई देवापुढे बोलल्या होत्या, माझा झील उठू दे, माझी सून जन्मभर सोमवार करील. नवरा उठला. मी सोमवार धरला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे उपास आले, आणि एकदा आलेला उपास आमच्या घरातून परत जात नाही.

त्या वर्षीच्या नवरात्रात मी नऊ दिवस गोळीला शिवले नाही. दसऱ्यानंतर आठवड्याभराने माझगावची एक शिक्षिका पायरीशी आली. माझी जुनी गिऱ्हाईक. तिने पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या ताटात उघडला. मणी, दोन वाट्या, दोरा. मंगळसूत्र तुटलं असं कोणी म्हणत नाही, म्हणून हळूच म्हणाली, "वाढलंय हो. शाळेच्या जिन्यात. दोराच खराब असेल."

दोरा नवा होता. मी दोन आठवड्यांपूर्वीच गाठवून दिलेलं. गाठ माझी सुटली होती. ती बाई एका शब्दाने रागावली नाही, आणि तेच मला सोसलं नाही. तिच्यादेखत पुन्हा ओवायला घेतलं, तर अंगठा आणि बोट दोऱ्याला घट्ट धरेनात. तीनदा गाठ मारली, तीनदा मीच सोडवली. शेवटी तिने माझा हात थोपटला आणि रुमाल बांधून परत पर्समध्ये टाकला. गळ्यात छोटं आहे, म्हणाली, घाई नाही, तुम्हाला बरं वाटलं की तुम्हीच करा.

मी गादी गुंडाळली. सराफांना सांगितलं, डोळ्यांचं काम निघालंय. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि बरं म्हणाले. त्या जागेवर दुसरं कोणीतरी बसेल याची माझी मी तयारी केली होती. पुढे कळलं, माझं ताट त्यांनी आतल्या फळीवर ठेवलं होतं आणि विचारणाऱ्याला दर वेळी सांगत होते, त्या येणार आहेत.

घरी बसलेली मी म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. मुळात तापट, त्यात रिकामी. भाजीत मीठ कमी का यावरून नवऱ्याशी, सीरियलच्या आवाजावरून सासूबाईंशी भांडायचे. त्या सरावासाठी जुने मणी घरातल्या ताटात काढून समोर ठेवायच्या. एक दिवस मी ते ताट भिरकावलं. मणी कपाटाखाली, पलंगाखाली, मोरीपर्यंत गेले. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक वेचायला लागल्या, चाचपून चाचपून. मी खुर्चीत बसून बघत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

जानेवारीत इस्पितळाची तारीख होती. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि पेन खाली ठेवलं. एवढी मात्रा देऊनही फरक नाही म्हणजे गोळी पोटात नीट लागू पडत नसेल, आता पोटाच्या तपासण्या करू, म्हणाल्या. सासूबाई सगळं ऐकत होत्या. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं की चोर तो केमिस्ट. शंभर सांगतो आणि कमी घालतो, नाहीतर खडूच्या गोळ्या देतो. चप्पल काढल्या काढल्या त्यांनी बाटली मागितली.

खाली बसून त्यांनी सगळ्या गोळ्या मण्यांच्या ताटात ओतल्या. सासूबाईंना वाचता येत नाही, पण मोजणं त्यांच्या बोटांत आहे. चार-चार गोळ्या तर्जनीने ओढायच्या, असं पाचदा ओढलं की वीस झाले, ते ताटाच्या काठाला सरकवायचे. अर्ध्या मिनिटात मोजून झाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"बाटली फोडून किती दिस झाले गो?"

मला आठवत होतं, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी फोडली होती. कॅलेंडर बघून सांगितलं, साठ.

"मगे चाळीस उरूक होयो. ह्यो अठ्ठावन आसत. केमिस्टान जास्ती घातल्यान की तू खाल्लंस नाय?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी बोटांवर मोजायला लागले. आठ सोमवार. दोन संकष्ट्या. चार एकादश्या. मार्गशीर्षाचे चार गुरुवार. अठरा. एकही इकडे नाही की तिकडे नाही. मी म्हटलं, आई, उपासाच्या दिवशी कशी घेणार?

मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. दर पावसाळ्याला छत्री हरवल्यावरून जी बाई मला आठ दिवस ऐकवते, ती ताटातल्या गोळ्यांवरून नुसता हात फिरवत राहिली. मग तोंड वर केलं.

"नवस बोललंय मी नि उपाशी ऱ्हवलंस तू. ह्यो खंयचो न्याय?"

त्या उठल्या, पदर खोचला आणि देवापुढे जाऊन बसल्या. आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने बोलतात, आणि मागे बसलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. एरवी हे काम पुरुषमाणसाचं, पण आमच्या देवाला सासूबाईंची सवय आहे. मागे मी एकटीच होते. त्यांनी देवाला कावीळ आठवून दिली, आपला शब्द आठवून दिला, सुनेने तो बावीस वर्षं पाळला हे सांगितलं. मी म्हटलं, व्हय महाराजा. आता तिच्या हातांत दोरा ठरत नाही, म्हणाल्या. व्हय महाराजा. आणि मग म्हणाल्या:

"आजपासून हिचे सगळे उपास माझे. काय विचारूचा ता माका विचार. हिच्या वाटेक जाव नको."

व्हय महाराजा म्हणायच्या ऐवजी मी मागून त्यांचा पदर धरला. त्या मागे वळून बघत राहिल्या, मी म्हणेपर्यंत. माझ्या सख्ख्या आईने सुद्धा माझ्यासाठी कधी असं कोणाशी भांडण घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला, मग हसल्या, मग म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे, त्यांनी नुसतं रोज विचारलं, सोमवारचं विचारलं नाही. पोटाच्या तपासण्या रद्द केल्या आणि वाढवलेली मात्रा खाली आणली. सासूबाईंच्या उपासाचं ऐकून मात्र त्यांनी त्यांचंही बीपी मोजलं, साखर बघितली. सगळं माझ्यापेक्षा चांगलं. तरी पाणी प्यायचं आणि दुपारी फळं खायची, या अटीवर सोडलं. पाण्याच्या अटीला सासूबाई मान हलवून हो म्हणाल्या, आणि पूजेआधी पाणी त्या अजून पीत नाहीत. मी रागावते, त्या सीरियलचा आवाज वाढवतात.

हातांसाठी डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मुलीने रात्री मनगटाला बांधायला पट्टा दिला आणि विचारलं, काय काय जमत नाही? मी हुक सांगितले, झाकण सांगितलं, कुलपातली किल्ली सांगितली, कपडे पिळणं सांगितलं. गाठ सांगायला जीभ वळेना. ती सासूबाईंनी सांगितली. मुलीने मळलेली कणीक चिमटीत दाबायला सांगितली, कपड्यांचे चिमटे एकेका बोटाने उघडायला सांगितले. चपात्यांच्या आधी रोज थोडी कणीक माझ्या चिमटीत असायची. सासूबाई शेजारी बसून मोजायच्या.

सगळ्यात आधी कपडे पिळले जायला लागले. शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी खालची बाई वर बघून म्हणाली, आज गळत नाहीत. मी तिला वाटीभर करंज्यांचं सारण नेऊन दिलं, ती बुचकळ्यात पडली. मग हुक. मग सकाळी बोटं माझ्याबरोबर उठायला लागली. एक दिवस भाजी चिरताना विळी लागली आणि झणझणून दुखलं. मी आनंदाने ओरडले, नवरा धावत आला. दुखलं म्हणून हसणारी बायको बघून तो जे समजायचं ते समजला असेल.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सोमवारी मी पायरीवर गेले. सासूबाई हटून बरोबर आल्या. सराफांनी आतून ताट आणलं, फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवलं. मी त्यांना धन्यवाद म्हटलं, तर ते म्हणाले, गिऱ्हाईक बसलंय, कामाला लागा. माझगावच्या शिक्षिकेला मी आधीच फोन केला होता. ती आली, रुमाल उघडला. तेच मणी, त्याच दोन वाट्या.

दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवला. मणी घेतला, भोक बोटाला कळलं. मी डोळे मिटून आणखी एक ओवून बघितला. कळलं. वेळ लागला, पूर्वीच्या दुप्पट लागला. वाटीच्या मागची गाठ मारली, मण्याच्या पोटात ढकलली आणि पोत सासूबाईंपुढे धरली.

शिक्षिका म्हणाली, राहू द्या हो आजी, बरोबरच असेल. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. पोत दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. सकाळपासून पोटात काही नाही, ओठ सुकलेले, आणि मनगटावरच्या शिरा वर येईपर्यंत ओढली. मला वाटलं मणी आता पायरीवर उधळतात. गाठ हलली नाही. त्यांनी पुन्हा एकदा ओढली, या वेळी झटका देऊन. मग पोत त्या बाईच्या ओंजळीत ठेवली आणि माझ्या बोटांवरून एकदा आपलं बोट फिरवलं, गाठीवरून फिरवतात तसं.

"आता ठरली," एवढंच म्हणाल्या.

आता पहाटे बाटली घेऊन सासूबाईच येतात. मी उठून बसते, त्या झाकण उघडतात, एक गोळी माझ्या तळहातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. सोमवारी पाण्याचा पेला मला देतात आणि स्वतः तशाच देवापुढे जाऊन बसतात. ते झाकण माझं मला केव्हापासून उघडतंय. मी ते त्यांना सांगितलेलं नाही.